चावी कोणाकडे, वही कोणाकडे : हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील परवानग्यांचा इतिहास

डेटाबेस आणि माहिती सुरक्षा हे दोन विषय मी गेली अनेक वर्षे शिकवतो आहे. 'ॲक्सेस कंट्रोल'चे प्रकरण आले की दरवर्षी कोणीतरी एक प्रश्न विचारतोच. "सर, दुकानात चार माणसं काम करतात, सगळी ओळखीची. मग प्रत्येकाला वेगळे लॉगिन, वेगळ्या परवानग्या कशाला? मालकाचा विश्वास नाही का?" प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी बहुधा दुकान किंवा छोटा कारखाना असतो. त्याने वडिलांना टॅलीवर काम करताना पाहिलेले असते आणि पासवर्ड काकांना, दिवाणजींना आणि दुकानातल्या मुलालाही ठाऊक असतो, हेही पाहिलेले असते.

या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने मिळत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आज जे 'युजर', 'रोल', 'अप्रूव्हल', 'एडिट लॉग' वगैरे दिसते, त्यातील प्रत्येक गोष्टीमागे कधीतरी कोणाचा तरी पैसा बुडालेला आहे, किंवा कोणाची तरी अब्रू गेलेली आहे.

संगणकाच्या आधी

हिशेबाची वही एकाकडे आणि रोकड दुसऱ्याकडे, ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. ती यादी आजच्या लेखापरीक्षकाला दाखवली तर त्यातले निम्मे प्रकार त्याला ओळखीचे वाटतील. शिवकाळात किल्ल्यावरचा कारभार एकाच माणसाच्या हाती देत नसत. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्चाचे लिखाण सबनिसाकडे, आणि धान्य व दारूगोळ्याच्या कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. एकटा माणूस फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये, अशी ती मांडणी होती. आपल्या भाषेत सांगायचे तर एका युजरला सगळे रोल दिलेले नव्हते.

इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात वेगळीच युक्ती होती. रक्कम जमा झाली की लाकडी काठीवर खाचा पाडत आणि काठी उभी चिरून एक भाग पैसे देणाऱ्याला, दुसरा खजिन्यात ठेवत. कोणी एकाने आपल्या भागावर जास्तीची खाच पाडली, तर दुसऱ्या भागाशी ती जुळणार नाही. या काठ्यांना 'टॅली' म्हणत. ही पद्धत १८२६ पर्यंत चालू होती. पुढे १८३४ मध्ये साठलेल्या जुन्या काठ्या संसदेच्या इमारतीतल्या भट्टीत जाळताना आग भडकली आणि संसदेची इमारतच जळाली. निरुपयोगी जुना डेटा नष्ट करण्याचे काम निष्काळजीपणे केले तर काय होते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

कागदी वह्यांच्या काळात परवानगी ही जागेत आणि अक्षरात असे. कीर्द कारकुनाच्या टेबलावर, तिजोरीची चावी कॅशिअरच्या कमरेला, चेकबुक साहेबाच्या खणात. शाई आणि हस्ताक्षर ओळखता येत असे. खोडाखोड केली तर दिसायची. बँकेत कारकून लेजरमध्ये नोंद करी आणि अधिकारी तिच्यापुढे आद्याक्षरी करी. ती सही पडेपर्यंत व्यवहार पुरा होत नसे. हे लक्षात ठेवा, कारण संगणक आला तेव्हा या सगळ्या खुणा एका फटक्यात पुसल्या गेल्या. पडद्यावरच्या आकड्याला हस्ताक्षर नसते.

पासवर्ड आला, आणि लगेच फुटला

१९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' नावाची प्रणाली तयार केली. एक मोठा संगणक, त्याला जोडलेली अनेक टर्मिनले आणि प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. एकाच यंत्रावर अनेकांच्या फायली असल्यामुळे प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. उद्देश अगदी घरगुती होता : माझा संगणकाचा वेळ दुसऱ्याने वापरू नये आणि माझ्या फायली दुसऱ्याने उघडू नयेत.

१९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला मिळालेला वेळ पुरेना. त्याने पासवर्डांची फाईल छापून देण्याची विनंती पंचकार्डावर टाकली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. ही गोष्ट त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी सांगितली.

त्याहून जास्त शिकवणारा प्रसंग १९६६ चा आहे. एके दिवशी जो कोणी लॉगिन करील त्याच्या टर्मिनलवर 'आजची सूचना' येण्याऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी छापली जाऊ लागली. झाले असे होते की, व्यवस्थापकांपैकी एक जण सूचनेची फाईल दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डची. दोघेही एकाच खात्यातून काम करीत होते. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम एका ठराविक नावाची तात्पुरती फाईल बनवी. एका खात्यावर एका वेळी एकच माणूस असेल, हे त्यात गृहीत धरले होते. दोन माणसे आली आणि दोन फायलींची अदलाबदल झाली. कॉर्बाटोंनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकिगत सांगितली आहे.

वर्गात मी या प्रसंगावर मुद्दाम थांबतो. इथे चोर कोणी नव्हता, दोघेही अधिकृत व्यवस्थापक होते. चूक एवढीच की एक खाते दोघांनी वापरले. काकांना आणि दिवाणजींना एकच पासवर्ड देणाऱ्या दुकानाला हीच गोष्ट लागू पडते, हे पुढे सांगतो.

यानंतरची दहा वर्षे पायाभरणीची. मल्टिक्समध्ये प्रत्येक फाईलला 'कोणाला काय करता येईल' याची यादी जोडली गेली. युनिक्सने ती मालक, गट आणि इतर अशा तीन ओळींत बसवली. १९७१ मध्ये बटलर लॅम्पसन यांनी ही सगळी गोष्ट एका तक्त्यात मांडली : आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत वस्तू आणि प्रत्येक चौकटीत परवानगी. १९७५ मध्ये साल्टझर आणि श्रोडर यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात आठ तत्त्वे सांगितली. कामापुरतीच परवानगी द्यावी, तसेच महत्त्वाच्या कुलपाला दोन चाव्या असाव्यात, ही त्यांतलीच. तुमच्या अभ्यासक्रमात ही आठही आहेत, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

सैन्याची सुरक्षा आणि व्यापाऱ्याची सुरक्षा

एव्हाना पैशाचे व्यवहार संगणकावर गेले होते आणि त्यांच्याबरोबर लबाडीही. १९७३ मध्ये अमेरिकेत 'इक्विटी फंडिंग' या कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. कंपनीच्या संगणकात सुमारे ९७,००० विमा पॉलिसी होत्या, त्यांपैकी सुमारे ६४,००० बनावट निघाल्या. अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकांना हप्त्याची बिले जाऊ नयेत म्हणून त्या पॉलिसींना 'विभाग ९९' असा संकेतांक दिलेला होता. बिले काढणारा प्रोग्राम तो संकेतांक दिसला की पुढे सरके. हा 'विभाग ९९' ध्यानात ठेवा. छत्तीस वर्षांनी तो आपल्याला हैदराबादला पुन्हा भेटणार आहे.

त्या काळात संगणक सुरक्षेवरचे बहुतेक संशोधन संरक्षण खात्याच्या पैशावर चाले. त्यामुळे त्यातला मुख्य प्रश्न होता गुप्ततेचा : 'अतिगोपनीय' कागद खालच्या दर्जाच्या माणसाने वाचू नये. १९७३ च्या बेल-लापाड्युला प्रतिमानात आणि १९८३ च्या 'ऑरेंज बुक'मध्ये हाच विचार आहे. पण किराणा दुकानाच्या मालकाला कोणती भीती असते? कारकुनाने बिल वाचले याची त्याला फिकीर नसते. कारकुनाने बिल बदलले, हीच त्याची भीती.

ही साधी गोष्ट शास्त्रात यायला १९८७ साल उजाडले. डेव्हिड क्लार्क हे एमआयटीचे संगणकशास्त्रज्ञ, आणि डेव्हिड विल्सन हे 'अर्न्स्ट अँड व्हिनी' या हिशेब तपासणाऱ्या संस्थेतले. दोघांनी मिळून लिहिलेला निबंध व्यापारी आणि लष्करी सुरक्षा धोरणांची तुलना करतो. माझ्या मते परवानग्यांच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निबंध आहे, आणि त्याचे एक कारण हे की त्याचा अर्धा लेखक हिशेबाच्या क्षेत्रातून आलेला होता.

त्यांचे म्हणणे असे. व्यापारात आकडा खरा राहावा यासाठी शेकडो वर्षांपासून दोन उपाय वापरात आहेत. पहिला म्हणजे सुघटित व्यवहार. हिशेबनीस खात्यातली शिल्लक थेट बदलत नाही, तो नोंद करतो. ती नोंद दोन ठिकाणी होते, एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा. चूक झाली तर ती खोडायची नाही, उलटी नोंद घालायची. म्हणून तेरीज जुळते की नाही, हे कधीही तपासता येते. दुसरा उपाय म्हणजे कामांची विभागणी. खरेदीचे उदाहरण त्यांनीच दिले आहे : मागणीला मंजुरी एकाने द्यायची, माल आल्याची नोंद दुसऱ्याने करायची, बिल आल्याची नोंद तिसऱ्याने आणि पैसे देण्याची मंजुरी आणखी कोणी. आता न आलेल्या मालाचे पैसे काढायचे असतील तर एवढ्या सगळ्यांना सामील करून घ्यावे लागेल.

यातून अभियंत्याने काय घ्यायचे? युनिक्ससारखी 'वाचा, लिहा, चालवा' ही परवानगी हिशेबाला पुरत नाही. लेजरच्या फाईलवर कारकुनाला 'लिहा' दिले तर तो काहीही लिहू शकतो. न दिले तर काम अडते. क्लार्क-विल्सन म्हणतात, माणसाला फाईलवर परवानगी देऊच नका. 'अमुक माणूस, अमुक प्रक्रियेतूनच, अमुक नोंदींना हात लावील' अशी तिहेरी परवानगी द्या. तुम्ही टॅलीत 'पेमेंट व्हाउचर : फक्त तयार करणे, बदल नाही' असे ठरवता तेव्हा ही तिहेरी जोडीच भरत असता. आणि या तिहेरी जोड्या ठरवणारा माणूस स्वतः त्या प्रक्रिया चालवणारा नसावा, असेही त्यांनी बजावले आहे. हा भाग मात्र आपल्याकडे सर्रास विसरला जातो.

आता लॅम्पसनच्या तक्त्याकडे परत या. समजा कंपनीत ४० माणसे आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये २५० प्रकारची कामे. चौकटी झाल्या १०,०००. त्या कोण भरणार, आणि माणूस बदलला की कोण सुधारणार? १९९२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी यावर 'भूमिका' ही संकल्पना नीट मांडली. परवानगी माणसाला द्यायची नाही, भूमिकेला द्यायची. रोखपाल, खरेदी लिपिक, लेखाधिकारी अशा सहा भूमिका ठरवा, त्यांचे १,५०० रकाने एकदाच भरा आणि मग माणसाला फक्त भूमिका चिकटवा. १९९६ मध्ये रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची जी प्रतिमाने बांधली, ती आज जगभर शिकवली जातात. संधू आयआयटी मुंबईतून शिकून गेलेले आहेत, हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला मला आवडते. २००४ मध्ये याचे अमेरिकन प्रमाणक झाले. ज्यांना पुढे सॅपसारख्या ईआरपीवर काम करायचे आहे त्यांनी भूमिकांचा हा भाग मुळातून वाचावा, कारण तिथे दिवसभर हेच काम असते.

भूमिकांचाही एक रोग आहे. माणसाची बदली होते, नवी भूमिका मिळते, पण जुनी काढायला कोणालाच आठवत नाही. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या निष्ठावंत कर्मचाऱ्याकडे सगळ्या खात्यांच्या परवानग्या साठलेल्या असतात. घरातल्या जुन्या चाव्यांच्या जुडग्यासारखे हे असते. कोणती चावी कशाची ते माहीत नाही, पण टाकवतही नाही.

घोटाळ्यांनी शिकवलेले

फेब्रुवारी १९९५ मध्ये बेअरिंग्ज ही ब्रिटनमधली दोनशे वर्षांहून जुनी बँक बुडाली. सिंगापूर कार्यालयातला निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या नोंदी व पूर्तता बघणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा त्याने ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवला. एकूण तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा. किल्ल्याच्या चाव्या आणि सबनिसाची वही एकाच माणसाकडे दिल्याचा हा परिणाम.

२००२ च्या वर्ल्डकॉम प्रकरणाची बाजू उलटी आहे. तिथे खोट्या नोंदी मुख्यालयातूनच, वरिष्ठांच्या सांगण्यावरून होत होत्या. अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर यांच्या पथकाला हिशेबाच्या प्रणालीतल्या सर्व नोंदी पाहण्याची मुभाच नव्हती. पथकातल्या जीन मोर्स यांनी संगणक विभागाकडून ती वाट मिळवली आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून रात्री उशिरा बसून नोंदी तपासल्या. जूनमध्ये कंपनीने पहिल्यांदा कबूल केलेला आकडा ३८० कोटी डॉलरचा होता. परवानगी म्हणजे फक्त अडवणे असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. लिहिण्याच्या परवानग्या आवळाव्यात, पण तपासणाऱ्याचे डोळे बांधू नयेत. एन्रॉन आणि वर्ल्डकॉमनंतर जुलै २००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सले कायदा झाला. त्याच्या ४०४ व्या कलमामुळे अंतर्गत नियंत्रणांची जबाबदारी थेट व्यवस्थापनावर आली. अमेरिकी बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना सॉफ्टवेअरमधल्या परवानग्या तपासून घ्याव्या लागल्या आणि आपल्याकडच्या हजारो अभियंत्यांना त्यातून काम मिळाले.

आणि मग ७ जानेवारी २००९. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक खोटी आहे. तपासात जे पुढे आले ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. सत्यमची बिले ठेवणारी प्रणाली कंपनीतल्याच लोकांनी बनवलेली होती. त्यात 'सुपर युजर' असे एक विशेष लॉगिन होते. बिलाच्या नोंदीत एका रकान्यात खूण केली की ते बिल इतरांच्या पडद्यावरून नाहीसे होई, पण विक्रीच्या आकड्यात मात्र धरले जाई. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार अशी ७,५६१ बिले होती आणि त्यांची रक्कम ५,११७ कोटी रुपये. 'विभाग ९९' आठवला? एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवले.

या दहा जणांत कोण होते यापेक्षा मला दुसराच प्रश्न सतावतो. तो 'लपवा' असा रकाना डेटाबेसमध्ये कोणीतरी घातला असणार. कोणीतरी प्रोग्रामरने त्याची अट लिहिली असणार. वरून आलेली मागणी म्हणून, कदाचित तुमच्याच वयाच्या मुलाने.

२०१८ मध्ये मुंबईत फोर्टमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतून सुमारे ११,४०० कोटींची हमीपत्रे बेकायदा गेल्याचे उघड झाले. परदेशी बँकांना संदेश पाठवणारी स्विफ्ट प्रणाली बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीला जोडलेली नव्हती, त्यामुळे संदेश गेला तरी खात्यात नोंद होत नव्हती. मुख्य प्रणालीत मेकर-चेकर कितीही चोख असला तरी शेजारच्या दाराला कडीच नसेल तर त्याचा काय उपयोग?

आपल्याकडची गोष्ट

भारतात छोट्या व्यापाऱ्याच्या टेबलावर हिशेबाचे सॉफ्टवेअर पोहोचवले ते प्रामुख्याने टॅलीने. १९८६ मध्ये बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी पुट्रॉनिक्स ही कंपनी सुरू केली. घरच्या धंद्याला हवे तसे सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, म्हणून मुलाने ते लिहिले. सुरुवातीला डॉसवर, मग विंडोजवर. कोणतेही संकेतांक पाठ न करता, वहीत लिहितो तसे व्हाउचर घालता येत असल्याने दिवाणजींनाही ते जमले.

त्यात परवानग्यांची सोय नव्हती असे नाही. टॅली ईआरपी ९ मध्ये 'ओनर' आणि 'डेटा एंट्री' असे दोन मूळ प्रकार होते. आणखी प्रकार बनवता येत. मागच्या तारखेचे व्हाउचर किती दिवसांपर्यंत घालता येईल, हे बांधून देता येई. कोणता अहवाल पाहता येईल, कोणता छापता येईल, तेही ठरवता येई. टॅली व्हॉल्टने सगळा डेटाच कुलूपबंद होई. पण ही नियंत्रणे मुळात बंद असत. 'युज सिक्युरिटी कंट्रोल?' या प्रश्नापुढे 'नो' लिहिलेले असे आणि बहुतेक ठिकाणी ते 'नो'च राही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेने मला त्यांचे तीन संगणक जोडून द्यायला बोलावले. ओळखीतले काम होते. हिशेबाचे सॉफ्टवेअर तिन्ही यंत्रांवर चालू झाले. युजर वेगवेगळे करू का, असे मी विचारले तेव्हा कार्यालयीन अधीक्षक म्हणाले, "कशाला, सगळी घरचीच माणसं आहेत. एकच ठेवा, आम्हाला लक्षात राहील." मी हो म्हटले. तासाभराचे काम वाचले. मी मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठीसुद्धा चिकटवून दिली.

दीड वर्षाने पुन्हा बोलावणे आले. काही जुन्या रोख पावत्यांच्या रकमा नंतर कमी केलेल्या आढळल्या होत्या. ज्या यंत्रावर पावत्या होत त्यावर एक तरुण लिपिक बसत असत, सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या. संशय त्यांच्यावर होता. मी बसून जे काही शोधता येईल ते शोधले. त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "सर, त्यात माझं नाव दिसतंय का?"

मी म्हणालो, "नाही. पण ताई, कुणाचंच नाव दिसत नाही."

त्यांना वाटले मी त्यांच्या बाजूने बोललो, म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर हायसे वाटले. मग अर्थ लक्षात आला. रक्कम त्यांनी बदलली असे सिद्ध होत नव्हते, तसेच बदलली नाही हेही सिद्ध होत नव्हते. कोणीही तक्रार केली नाही, चौकशी झाली नाही. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली आणि जाताना पैसे खाऊन गेल्याची कुजबूज मागे राहिली. त्या दिवशी मी वाचवलेला तास मला अजून आठवतो. वर्गातला तो प्रश्न विचारला गेला की मी हीच हकिगत सांगतो. वेगळे लॉगिन मालकासाठी असते, असे तुम्ही समजता. त्या तिघांत त्याची सर्वांत जास्त गरज त्या ताईंना होती.

पुसता न येणारी शाई

२४ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने कंपनी (लेखे) नियम, २०१४ मध्ये दुरुस्ती केली. कंपनीने असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे, ज्यात प्रत्येक व्यवहाराचा माग राहील, प्रत्येक बदल कोणत्या तारखेला झाला याची नोंद होईल आणि हा माग बंद करता येणार नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलून अखेर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. लेखापरीक्षकालाही आपल्या अहवालात हा माग वर्षभर चालू होता का, त्यात छेडछाड झाली का, हे सांगावे लागते. टॅलीने यासाठी २०२२ मध्येच 'एडिट लॉग' असलेली वेगळी आवृत्ती आणली. 'नो' असा पर्याय ज्या जागी होता, तिथे आता पर्यायच नाही. हस्ताक्षर गेल्यावर साठ वर्षांनी पडद्यावर खोडाखोड पुन्हा दिसू लागली.

पण हा नियम कंपन्यांना आहे. एकट्या मालकाचे दुकान, भागीदारीतला धंदा, ट्रस्ट, मी सांगितलेली ती संस्था, या कोणालाच तो लागू नाही. आणि जिथे लागू आहे तिथेही लेखापरीक्षकांना एक अडचण लगेच दिसली. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरून केलेल्या बदलाचा माग राहतो, पण डेटाबेसमध्ये थेट 'अपडेट'ची आज्ञा दिली तर? त्याचा माग डेटाबेसच्या पातळीवर वेगळा चालू करावा लागतो आणि त्याने प्रणालीचा वेग कमी होतो म्हणून तो अनेकदा बंद असतो. म्हणजे सबनीस, कारखानीस सगळे नेमले, आणि तटाला भगदाड ठेवले. ते भगदाड ज्याच्या हाती असते तो डेटाबेस ॲडमिन म्हणजे उद्याचे तुम्ही.

बाकी, मार्च अखेरीला मालक आपला ॲडमिन पासवर्ड सीएकडच्या आर्टिकल मुलाला फोनवरून सांगतो, आणि जीएसटीचे विवरण भरताना "साहेब, ओटीपी आला असेल, जरा सांगा" अशी हाक आत जाते, हे सगळे आपण पाहतोच. त्यावर कोणत्याही नियमाने उपाय होणार नाही.

स्वाध्याय : तुमच्या ओळखीचे एखादे दुकान, पतसंस्था किंवा कार्यालय निवडा. तिथे हिशेबाशी संबंधित कामे कोणती आणि ती सध्या कोण करते, याचा लॅम्पसन पद्धतीचा तक्ता आखा. नावे लिहू नका, भूमिका लिहा. खरेदी, माल पोहोच, बिल आणि पैसे या चार पायऱ्यांपैकी दोन किंवा अधिक एकाच भूमिकेकडे कुठे आहेत, त्या चौकटी लाल करा. चार माणसांच्या दुकानात काही चौकटी लाल राहणारच. तिथे मालकाने आठवड्याला कोणता एक अहवाल पाहिला तर पुरेल, ते तक्त्याखाली लिहा. तक्ता मालकाला दाखवण्याआधी तिथे काम करणाऱ्यांना दाखवा आणि त्यांना कोणती परवानगी नको आहे, तेही विचारा.